रेंज नाही, म्हणून हजेरी नाही? 'लवचीक नियम' म्हणजे काय, समजून घ्या

समजा, गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये किंवा चंद्रपूरच्या जिवतीत डोंगरावरच्या एका गावात रोजगार हमीचं काम सुरू आहे. मजुरांनी दिवसभर माती खणली. पण फोनला रेंज नाही. मग हजेरी लागणार कशी?

नियम काय होता?

मनरेगासाठी केंद्राने मे २०२१ मध्ये एनएमएमएस हे ॲप आणलं. १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्या सार्वजनिक कामांवर ते सक्तीचं झालं. मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो, सोबत वेळ आणि ठिकाणाची नोंद. हेतू रास्त होता : बोगस हजेरी थांबवणं.

फोटो ऑफलाइन काढून नंतर अपलोड करता येतो. तेही जमलं नाही, तर जिल्हा कार्यक्रम समन्वयक, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकारी, हजेरी नोंदवून घेऊ शकतात. पण भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब आहे. एका दिवसाच्या मजुरीसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

बोगसगिरी थांबली का?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून गैरप्रकार दाखवून दिले : कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो. उपाय काय, तर ग्रामपंचायतीने प्रत्येक फोटो तपासायचा. म्हणजे शेवटी काम माणसावरच आलं.

मग लवचीक नियम कसा असतो?

रिझर्व्ह बँकेचं उदाहरण बघा. इंटरनेटशिवाय पेमेंटचे प्रयोग सप्टेंबर २०२० ते जून २०२१ दरम्यान झाले. जानेवारी २०२२ मध्ये परवानगी मिळाली, पण एका वेळी फक्त २०० रुपयांची. ऑगस्ट २०२३ मध्ये मर्यादा ५०० झाली, डिसेंबर २०२४ मध्ये यूपीआय लाइटसाठी १,०००. आधी चाचणी, मग छोटी मर्यादा, अनुभव आला तशी वाढ. काही चुकलंच असतं, तरी नुकसान मर्यादेतच राहिलं असतं.

लवचीक म्हणजे ढिला नियम नव्हे. चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतं, हे आधी ठरवणारा नियम. हजेरीच्या ॲपमध्ये ती किंमत मजूर मोजतो, अख्ख्या दिवसाच्या मजुरीने.

आता हे का महत्त्वाचं?

डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी 'जी राम जी' कायदा आला. त्यात बायोमेट्रिक ओळख आणि मोबाइलवरून देखरेखीची तरतूद आहे. तिची पहिली चाचणी मुंबई-पुण्यात नको, रेंज नसलेल्या गावात व्हावी. तिथे चाललेली यंत्रणा कुठेही चालेल. आणि तोवर कागदी हजेरीपटही ग्राह्य धरावा.