टपावरच्या पेटीचा रंग



या महिन्यात दोन-तीन घरांतून एकच प्रश्न आला. गाडीच्या टपावर बसवायची सामानाची पेटी उन्हाने पांढुरकी पडली आहे. नवीन घ्यावी की घरीच रंगवून घ्यावी? माझे मत आधीच सांगून टाकते. घरीच रंगवावी. पण रंगाचा डबा आणण्यापूर्वी पेटी पालथी घालून तिचा तळ पाहावा, आणि तळ बरा नसेल तर रंगाला हातसुद्धा लावू नये.

आपल्या घरांत ही पेटी का लागते ते तुम्हाला सांगायला नको. यात्रेला निघायचे म्हणजे गाळलेले पाणी, घरचे तूप, पिठे, भाजणी, शेगडी, पूजेचे वेगळे कपडे, एवढे सगळे बरोबर. सात माणसे गाडीत बसल्यावर सामानाला जागा कुठली? २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला गेलो तेव्हा टपावर सामान बांधलेल्या गाड्या जागोजागी दिसत होत्या. पेटी एकाची असली तरी ती भावकीत, शेजारात फिरत असते. आज आमच्याकडे, परवा कुंभोजला निघालेल्या जावेकडे. म्हणून तिच्याबद्दल बेफिकीर राहून चालत नाही.

या पेट्या बहुतेक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. उन्हाने त्याचा वरचा थर मरतो, हात फिरवला की खडूसारखी पूड बोटाला लागते. वरवर असेल तर हा नुसता वरचा आजार आहे, रंगाने तो झाकतोही आणि पुढचे ऊनही अडते. तडा हा मात्र आतला आजार. बोल्टच्या भोकांभोवती, बिजागरीपाशी आणि कुलपाच्या कडेला नीट पाहा. तिथे पांढऱ्या बारीक रेषा दिसल्या तर प्लॅस्टिक ताण खाऊन थकले आहे असे समजा. रंगाने त्या रेषा दिसेनाशा होतील, भरणार नाहीत.

मी कॉमर्सची, म्हणून मला हे हिशेबाच्या भाषेतच सुचते. धडक्या पेटीला रंग देणे हा देखभालीचा खर्च. तडकलेल्या पेटीला रंग देणे म्हणजे ताळेबंद सजवून बँकेपुढे ठेवणे. माझ्या नणंदेच्या घरी अशीच एक जुनी पेटी विकत घेतली होती, काळी, चकचकीत, बघताक्षणी आवडावी अशी. कुंथलगिरीला जाताना बार्शीच्या अलीकडे मागचा बोल्ट प्लॅस्टिक फाडून निघाला आणि पेटी एका अंगाला कलली. मागे मोटरसायकलवर एक जोडपे होते, पुढे लहान मूल बसवलेले. गाडी हळू होती म्हणून निभावले. नंतर रंग खरवडला तर खाली जुना तडा, त्यात लांबी भरलेली. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. असत्य फक्त तोंडाने बोलले जाते असे थोडेच आहे?

तेव्हा तळ फाटका निघाला तर पेटी टपावरून कायमची उतरवा. गाद्या-रजया ठेवायला ती उत्तम, आणि तिथे रंगाची गरजही नाही.

आता धडक्या पेटीबद्दल. नवीन चांगली पेटी तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. घरी रंगवायला आम्हाला प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर धरून ४०० मिलीचे सात स्प्रे कॅन लागले, पॉलिश पेपर आणि टेप धरून खर्च तीन हजारांच्या आत-बाहेर. वर्षातून चार-पाच वेळा वापरायच्या वस्तूला एवढे पुष्कळ झाले. मुले म्हणतात, "आई, टाकून दे, दुसरी घेऊ." टाकून द्यायची म्हणजे कुठे, हे मात्र सांगत नाहीत. दोन मीटर लांबीचे ते धूड घंटागाडीत मावत नाही.

खरे काम रंगाच्या आधीचे आहे. साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. डॅशबोर्ड चमकवायचे पॉलिश कधी पेटीला फासले असेल तर आणखी एकदा धुवा, कारण त्यातल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सगळीकडे सारखा फिरवा, चमक पूर्ण मरेपर्यंत. ओले घासले की पूड नाकात जात नाही. ते पाणी मोरीत सोडू नका, झाडांनाही घालू नका. बादलीत रात्रभर ठेवून जुन्या कापडातून गाळा आणि खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका. पाणी गाळण्याची सवय आपल्याला आहेच. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन किंवा रंगाचे थिनर अजिबात वापरू नका, त्याने एबीएस विरघळते.

त्यानंतर प्लॅस्टिकचा प्रायमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात. पातळ म्हणजे इतका की पहिल्या हातानंतर खालचे दिसत राहिले पाहिजे. एका हातात झाकायला गेले की ओघळ आलेच. कॅन वीतभर लांब धरून, कडेच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि दोन हातांमध्ये कॅनवर लिहिला असेल तेवढा वेळ थांबायचे. रंग मी पांढराच सांगेन. काळा रुबाबदार दिसतो खरा, पण उन्हात काळी पेटी जास्त तापते, आणि आत आपले तूप असते.

वरच्या क्लिअरचा एक प्रकार दोन भागांचा असतो, हार्डनर मिसळायचा. तो जास्त टिकतो हे खरे, पण त्यात आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. घरी हा प्रकार नकोच. साधा ॲक्रिलिक क्लिअर मारावा. तो लवकर झिजेल, तेव्हा पुन्हा मारू. साध्या रंगालाही गच्ची किंवा अंगण हवे, बंद गॅरेज नको, आणि लहान मुले व दम्याची माणसे त्या दिवशी घरात आत राहू देत.

वेळ हिवाळ्याची, ऊन वर आल्यावर सकाळची. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरट छटा येते, आणि वैशाखात तो पेटीवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो. आपल्याला आणखी एक कारण आहे. ओल्या रंगावर चिलटे चिकटतात, आणि दिवा लावून काम केले तर किती चिकटतील याला हिशेब नाही. म्हणून सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी शेवटचा हात वाळलेला असावा, आणि चातुर्मासात हे काम काढूच नये. कडा रंगवायला ब्रश लागलाच तर नायलॉनचा मागा. बाजारात डुकराच्या केसांचेही ब्रश असतात आणि दुकानदार आपण होऊन सांगत नाही. मी विचारते. त्याला नवल वाटते, वाटू दे.

रंगवल्यावर पेटी आठवडाभर तरी सावलीत ठेवा, लगेच पट्टे आवळले तर त्यांचे वळ उठतात. गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालते ते लिहिलेले असते, बऱ्याच गाड्यांना ५० ते ७५ किलो, आणि त्यात स्टँड व पेटीचे वजनही धरलेले असते. पेटीच पंधरा-वीस किलोची असली तर उरले किती ते बघा. पाण्याचे कॅन खाली पायाशी ठेवा, टपावर चादरी, कपडे, चुरमुरे.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने रंगवल्याचा महिना, वर्ष आणि "बोल्टची भोके तपासली" एवढे लिहून ठेवा. पेटी मागून नेणाऱ्या जावेला ते वाचता आले पाहिजे.