रात्री गाय बसली तर कुणाला हाक मारायची?

तिसऱ्या-चौथ्या वेताची दुधाळ गाय सकाळी व्यायली, वासरू उभं राहिलं, वार पडली, घर खूश. संध्याकाळच्या धारेला मात्र गाय उठेना. कान गार, नाकपुडी कोरडी, मान वळवून कुशीवर टाकलेली. हा दुग्धज्वर. व्यायल्यावर कासेत दूध उतरतं तसं रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने खाली येतं, स्नायू लुळे पडतात. उपचार मिळाला नाही तर गाय काही तासांत जाते.

उपचार म्हणजे कॅल्शियमची बाटली. कोमट करून मानेच्या शिरेतून अगदी सावकाश सोडायची. सुई लागल्यापासून जाणता डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवरून हलवत नाही, कारण घाईने सोडलं तर त्याच औषधाने काळीज बंद पडतं. बाटली उतरत जाते तशी अंगाला थरथर सुटते, गाय ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा डॉक्टर हात धूत असतानाच मागच्या पायांवर जोर देऊन उठते. ज्याने हे पाहिलंय, त्याला पशुवैद्यकाचं मोल सांगावं लागत नाही. एवढा हमखास उपाय असताना लाखाच्या घरातली गाय दावणीला मरते, तेव्हा तो मृत्यू मी व्यवस्थेच्या खात्यावर लिहितो.

दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक हवा, असं राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच सांगितलं होतं. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात गाई-म्हशीच सुमारे १ कोटी ९५ लाख. म्हणजे शेळ्या-मेंढ्या सोडल्या तरी ३,९०० च्या आसपास डॉक्टर लागतात. पण आपल्याकडे श्रेणी-२ चे दवाखाने नोंदणीकृत डॉक्टर नसलेले पशुधन पर्यवेक्षक चालवत आले आहेत. ही माणसं राबतात, याबद्दल शंका नाही. पण पशुवैद्यकीच्या १९८४ च्या कायद्याने त्यांना नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारांचीच मुभा आहे, आणि डॉक्टरकडे शेजारच्या दवाखान्याचाही कार्यभार असतो. लसीकरण, कानातले बिल्ले, कृत्रिम रेतन, विम्याची शवविच्छेदनं, अहवाल हे सगळं त्याच्याच माथी. दिवसभर हे करणाऱ्याने रात्री दोनला आडवाटेच्या वस्तीवर एकट्याने यावं, ही अपेक्षा माणुसकीची नाही. आता या पेशात मुली मोठ्या संख्येने येत आहेत. त्यांना गाडी आणि सोबत न देता रात्रीची हाक घ्या म्हणणं तर अन्यायच.

डॉक्टर येत नाही तेव्हा गोठा रिकामा राहत नाही. कुणीतरी नळीने तेल पाजतो. लुळ्या पडलेल्या गाईला गिळता येत नसतं, ते तेल थेट फुफ्फुसात जातं. कुणी पिशवीतून दोन इंजेक्शनं काढतो, नाव विचारलं तर सांगत नाही. मग सकाळी डॉक्टर येतात तेव्हा आजार एकाचे दोन झालेले असतात. अशांना हाक मारणाऱ्या दूधवाल्यांना मी दोष देणार नाही. डोळ्यांदेखत जनावर जात असताना हात बांधून बसणं कुणाला जमतं?

जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आणि फिरती पथकं ही सोय चांगली आहे; लाखभर जनावरांमागे एक गाडी, असं केंद्राच्या योजनेचं प्रमाण आहे. पण रात्री बसलेल्या गाईला लाखात एक गाडी पुरणार नाही. कोल्हापुरात गोकुळसारखा दूध संघ सभासदांच्या दारात स्वतःचे डॉक्टर पाठवतो. जिथे संघ बळकट नाही, तिथे हे काम सरकारने अंगावर घ्यायला हवं. तालुक्याला रात्रपाळीचे दोन डॉक्टर, चालकासह गाडी, ठरलेली फी आणि रात्रीचा वेगळा भत्ता. एवढी मागणी अवाजवी नाही. फी द्यायला दूधवाला तयार आहे. त्याला फक्त येणारा माणूस हवा आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. गाईचं कितवं वेत, कधी व्यायली, रवंथ करते का, शेण-लघवी झाली का, अंग तापलंय की गार, हे फोनवर आधी सांगा. डॉक्टर त्या हिशेबाने औषध बरोबर घेतो. बसलेल्या गाईला तोंडाने काहीही पाजू नका, एका कुशीवर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा टेकू द्या. आणि येत्या ग्रामसभेत रस्ता-गटाराच्या जोडीला एवढं विचारा: आपल्या गावाला रात्री कोणता डॉक्टर येणार? नाव आणि नंबर लेखी मागा, आणि ते दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्या.