मॅक्स क्लेलंड यांची अकरा मते

लोकप्रतिनिधीने कोणत्या विधेयकाला किती वेळा विरोध केला, याची बेरीज मांडून त्याच्या देशनिष्ठेविषयी संशय पेरण्याची रीत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. या रीतीचा एक निर्लज्ज नमुना अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००२ सालच्या सिनेट निवडणुकीत पाहावयास मिळाला. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर मॅक्स क्लेलंड यांच्याविरुद्ध दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखविण्यात आली. ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांच्या चित्रांनी ती सुरू होई आणि क्लेलंड यांनी राष्ट्राध्यक्षांच्या अंतर्गत सुरक्षेच्या उपायांविरुद्ध अकरा वेळा मत दिले, असे ती सांगे. ज्यांच्याविषयी हे सांगितले जात होते, त्यांचे दोन्ही पाय आणि उजवा हात व्हिएतनाममध्ये, खे सान्हजवळ, १९६८ च्या एप्रिलमध्ये हातबॉम्बच्या स्फोटात गेले होते. प्रतिस्पर्धी सॅक्सबी चॅम्ब्लिस यांना त्याच युद्धाच्या काळात विद्यार्थी म्हणून व पुढे गुडघ्याच्या दुखण्यामुळे सैन्यभरतीतून सूट मिळाली होती.

परंतु अपंगत्व हे काही राजकीय धोरणाच्या बाजूचे प्रमाण नव्हे, आणि आपणही क्लेलंड यांची बाजू त्या बळावर मांडू नये. त्यांची कामगिरीच पाहावी. १९७७ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते माजी सैनिकांच्या प्रशासनाचे प्रमुख झाले. व्हिएतनामहून परतलेला तरुण रात्री झोपत नाही, नोकरीत टिकत नाही, घरच्यांवर खेकसतो, हे सर्वांना दिसत होते. पण त्याला आजार म्हणावयास सरकारी वैद्यक तयार नव्हते. १९७९ च्या कायद्याने माजी सैनिकांसाठी सल्लाकेंद्रे सुरू झाली आणि ती मुद्दाम मोठ्या रुग्णालयांबाहेर, वस्तीतल्या साध्या जागांत ठेवण्यात आली. ज्या सरकारने आपल्याला युद्धावर धाडले, त्याच्याच इमारतीत पुन्हा पाऊल टाकावयास हे तरुण तयार नव्हते, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. युद्धोत्तर मानसिक आघाताला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत व्याधिसूचीत जागा मिळाली ती त्यानंतर, १९८० साली.

आता ती अकरा मते. अंतर्गत सुरक्षेचे स्वतंत्र खाते असावे, ही कल्पना मुळात डेमोक्रॅटिक सिनेटरांनी पुढे आणली होती आणि क्लेलंड तिचे पुरस्कर्ते होते. बुश यांनी आधी तिला विरोध केला व २००२ च्या जूनमध्ये ती आपलीच म्हणून मांडली. तेव्हा वाद खाते हवे की नको, हा नव्हताच. बावीस कार्यालये एकत्र करून सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांचे जे खाते बनणार होते, त्यातील कर्मचाऱ्यांचा संघटनेचा व सामुदायिक वाटाघाटींचा हक्क राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर ठेवावयाचा काय, हा वाद होता. भीती काल्पनिक नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत न्याय खात्यातील काही कार्यालयांचा हा हक्क राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन एका आदेशाने काढून घेण्यात आला होता. क्लेलंड यांची मते बव्हंशी या प्रश्नाभोवतीच्या दुरुस्त्यांवर व चर्चा बंद करण्याच्या ठरावांवर पडली. संघटित कामगार सुरक्षेच्या आड येतो, असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या त्या ३४३ अग्निशामकांचे स्मरण करावयास हवे होते. जळत्या मनोऱ्यांत चढून गेलेल्या त्या दलात कामगार संघटना दीर्घकाळ नांदत होत्या. (१९७४ च्या रेल्वे संपात आपल्या सरकारने भारत संरक्षण नियम कोणाविरुद्ध वापरले, हे आठवले म्हणजे यात परके असे काहीच वाटत नाही.)

क्लेलंड यांचा दोष वेगळा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. निवडणूक तोंडावर असताना, २००२ च्या ऑक्टोबरमध्ये, इराकवरील युद्धाचा अधिकार बुश यांना देणाऱ्या ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला. व्हिएतनाम अंगावर वागविणाऱ्या माणसाने दिलेले हे मत होते. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. तोवर युद्ध होऊन गेले होते. त्या मताने त्यांची जागाही वाचली नाही. नोव्हेंबरमध्ये ते सुमारे सात टक्क्यांच्या फरकाने पडले. कामगारांच्या हक्कावर ते ठाम राहिले म्हणून हरले, असे म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की युद्धावर ते नमले तरीही हरले. दोन आठवड्यांनी सिनेटने अंतर्गत सुरक्षेचे विधेयक ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर केले आणि नकार देणाऱ्या त्या नऊ जणांत क्लेलंड नव्हते.

११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगावर त्यांनी जे काम केले, ते मला अधिक मोलाचे वाटते. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने कागदपत्रे मोजकीच आणि मोजक्याच सदस्यांना दाखवावयाची, ही तडजोड त्यांनी स्वीकारली नाही व तसे उघड बोलून दाखविले. मात्र २००३ अखेर एका सरकारी बँकेच्या संचालकपदासाठी त्यांनी आयोग सोडला. हे रुचत नाही.

नव्या खात्याने कर्मचाऱ्यांसाठी केलेले नियम २००५ साली न्यायालयाने अडविले. कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटी त्यांत नावालाच उरत होत्या. मग २०२५ च्या मार्चमध्ये विमानतळावरील तपासनीसांचा सामुदायिक वाटाघाटींचा हक्क रद्द झाल्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन अनेक खात्यांतील संघटनांचा हा हक्क काढून घेतला. दोन्ही प्रकरणे न्यायालयात गेली. त्या दुसऱ्या आदेशातील यादीत माजी सैनिकांचे खातेही आहे. क्लेलंड यांनी एके काळी चालविलेले प्रशासनच १९८९ साली खाते झाले. ते स्वतः २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. त्या खात्याने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक संघटनांशी असलेले करार संपविले. पोलीस, अग्निशामक आणि पहारेकरी तेवढे वगळले. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका मात्र राष्ट्राच्या सुरक्षेला बाधक ठरल्या.