आधी कान, मग कॅमेरा

कॉलेजांत प्रोजेक्टच्या तारखा जवळ आल्या की ओळखीपाळखीतल्या मुलांचे फोन सुरू होतात. ‘काका, एखादं भारी लोकेशन सुचवा ना.’ यादी खरं तर त्यांच्याकडे तयार असते : मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा किल्ला, फार तर ठाण्याचं उपवन. राहायला ठाकुर्ली, खडकपाडा नाहीतर कळवा. रोज ज्या गल्लीतून स्टेशन गाठतात, ती यादीत नसते.

दोष एकट्या त्यांचा नाही. आपल्या पट्ट्याला सिनेमानेही तसंच वागवलंय. निशिकांत कामतचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मला आवडतो, पण त्यातला माधव आपटे डोंबिवलीहून निघतो आणि भडकतो मुंबईत. ‘झोंबिवली’ने (२०२२) गावाला मध्यभागी आणलं, तेही झोंबींच्या कृपेने. २०२० साली डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता खरोखरच गुलाबी झाला होता, तेव्हा कुणी लघुपट केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी मुलांना उलट विचारतो, सीन किती वाजताचा आहे? मग कळतं, सीन संध्याकाळी सातचा आणि रेकी केली रविवारी दुपारी. ठाण्याच्या तलावपाळीला दुपारी निवांत ट्रायपॉड लावता येतो. सातला तिथे भेळवाले, फुगेवाले, फिरायला आलेली अख्खी कुटुंबं आणि सतत हॉर्न. संवाद ऐकू येणार कसा? ‘डबिंगमध्ये बघू,’ म्हणतात. डबिंगला वेळ कुणाला असतो? शेवटी सगळ्यावर पार्श्वसंगीत ओतलं जातं.

म्हणून माझा आग्रह असा, की रेकीला कान घेऊन जा. ज्या वारी, ज्या वेळी सीन घडतो तेव्हाच जा आणि मोबाइलवर पाच मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा. उमेश कुलकर्णीचा एफटीआयआयमधला ‘गिरणी’ (२००४) बघा. घरातच पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीत एका पोराचं खेळणं-बागडणं हरवतं. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे जागा आणि आवाज वेगळे काढताच येत नाहीत.

आता लोकेशनच हवं असेल तर जुन्या डोंबिवलीतल्या बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना घ्या. खाली मीटरची रांग, शेजारी सोसायटीचा फळा. त्यावर थकबाकीदारांची नावं असतील तर कागद लावून झाका, लोकांची अब्रू आपल्या फिल्मसाठी नाही. वळणावर सिमेंटची जाळी, तिच्यातून सकाळी जेमतेम तासभर तिरपं ऊन पायऱ्यांवर येतं. दारांबाहेर चपला, कडीला दुधाची पिशवी. तुमच्या कथेतली नोकरी सोडून आलेली मुलगी बेल वाजवायच्या आधी इथेच थांबेल. फक्त पाण्याचा पंप कधी सुरू होतो ते वॉचमनला विचारा, नाहीतर ऐन संवादात तो घुमायला लागेल. आणि जिन्यातल्या जुन्या ट्यूबखाली चित्र लुकलुकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा.

हे जिने फार दिवस टिकायचे नाहीत. पुनर्विकासाची पाटी लागली की वर्ष-दोन वर्षांत इमारत पत्र्याआड जाते. कल्याणचा जुना पत्रीपूल १९१४चा. तो नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला आणि नवा खुला झाला जानेवारी २०२१मध्ये. अर्धी फिल्म जुन्या पुलावर करून उरलेली ‘पुढच्या सेमिस्टरला’ म्हणणाऱ्याची कंटिन्युइटी तिथेच संपली असती.

सगळ्यांना हवा असतो तो प्लॅटफॉर्म. बाबांनो, चोरून शूट करू नका. रेल्वेची परवानगी जनसंपर्क विभागाकडून घ्यावी लागते आणि रुळांत उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात गर्दीच्या वेळी कल्याणला तुमच्या हिरोइनला धक्का बसेल तो वेगळाच. लोकल दाखवायची तर ती ऐकवा. स्टेशनजवळच्या खोलीत बोलणारे दोघं गाडी जाईपर्यंत गप्प होतात आणि नंतर तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे नेतात. ही सवय आपल्याकडे घराघरांत आहे, पडद्यावर मात्र मी ती फारशी पाहिलेली नाही.

राहिला परवान्यांचा प्रश्न. राज्याची एक खिडकी योजना आहे, पण तिचा अर्ज बघितला की तो निर्मात्यांसाठी लिहिलाय हे कळतं. बाग पालिकेची, रस्त्यासाठी वाहतूक पोलीस, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात म्हणून वनखातं. एकोणीस वर्षांची मुलं इतकी दारं कशी ठोठावणार? मग ती सरळ चोरून शूट करतात नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत फिल्म उरकतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी एक साधा नियम करावा. दहाच्या आत माणसं, जनरेटर नाही, रस्ता अडवणार नाही, कॉलेजचं पत्र जोडलेलं. एवढं असेल तर प्रभाग कार्यालयातच आठवड्याच्या आत, फुकट परवानगी. पत्रावर शिक्षकाचा मोबाइल नंबर असावा, म्हणजे बागेच्या रखवालदाराला शंका आली तर तो मुलांना हाकलण्याआधी एक फोन करेल.