झाडू मुख्य कामात बसत नाही

जुने २९ कामगार कायदे मोडीत काढून सरकारनं २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू केल्या. संहिता म्हटलं की आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडतेच. मनूचीही एक होती, ती १९२७ला महाडात जाळली.

मी एका खाजगी इस्पितळात नऊ वर्षं झाडू मारतो. कंत्राटदार चार बदलले, झाडू तोच, मीही तोच. पण दर कंत्राटदाराच्या वहीत मी नवा. म्हणून सुरक्षा-आरोग्याच्या संहितेतली एक व्याख्या बोट ठेवून वाचली. आस्थापनेच्या मुख्य कामाला कंत्राटी कामगार लावायचा नाही, म्हणते. झकास! लगेच खाली यादी : झाडणं, पुसणं, कचरा उचलणं, पहारा, कँटीन, धुलाई, हमाली, बागकाम. आस्थापनेचा धंदाच तो नसेल तर ही कामं मुख्य नाहीत. म्हणजे लावा कंत्राटी.

मित्रांनो, ही यादी आपल्या वस्तीत मोठ्यानं वाचा. एकेका शब्दाला एकेक घर 'हजर' म्हणेल. जातीचं नाव कुठंच नाही, आणि गावकूस मात्र बरोबर जागेवर! ऑपरेशन थिएटरातलं रक्त पुसणं हे इस्पितळाचं काम नाही? मग एक दिवस न पुसता चिरफाड करून दाखवा म्हणावं.

नेमणूकपत्र मिळणार, ठराविक मुदतीवाल्याला वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार, हे खरं. घेऊ ना, उपकार थोडेच आहेत. पण ३००पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला टाळं ठोकायला मालकाला आता परवानगी नको (आधी हा आकडा १०० होता). आपल्याला मात्र संपाआधी चौदा दिवस नोटीस, समेटाची बोलणी चालू असली की संप बेकायदा, निम्म्यांनी एकदम किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. वर दंड, नाहीतर महिनाभर कैद.

१९३८ला औद्योगिक कलह विधेयकानं संपाचा असाच गळा धरला, तेव्हा बाबासाहेब विधिमंडळात कडाडले. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, हा त्यांचा मुद्दा. ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांना सोबत घेऊन एक दिवसाचा संप केला. त्याच गिरण्या, जिथं तुटका धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात आपल्याला शिवू देत नव्हते.

मुंबई महापालिकेच्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सुप्रीम कोर्टानं २०१७ला उचलून धरला. युनियन वर्षानुवर्षं भांडली तेव्हा. आमच्याकडं युनियन आहे ती कायम नोकरांची, आम्हाला तिथं पावती फाडत नाहीत. आता आम्ही आमची बांधतोय. पहिल्याच बैठकीत वाद लागला : नोटीस द्यायची तर कुणाच्या हातात, इस्पितळाच्या की कंत्राटदाराच्या? दोघंही म्हणतात, तू आमचा नव्हेस. आम्ही दोन प्रती टाईप करून घेतल्यात.