रिकाम्या आसनाचा हिशेब

एसटी तोट्यात आहे, हे वाक्य ऐकत ऐकतच माझी पिढी म्हातारी झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत गाडीचा रंग बदलला, बाकं बदलली, तिकिटांच्या पेटीच्या जागी यंत्र आलं, पण हे वाक्य काही बदललं नाही. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी एसटीची श्वेतपत्रिका मांडली, तेव्हा साचलेला तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचं सांगण्यात आलं. त्याआधी जानेवारीत तिकिटं १४.९५ टक्क्यांनी वाढलीच होती. मग नेहमीची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, सवलती बंद करा. कुणी म्हणालं, तोट्यातल्या फेऱ्या बंद करा. 'तोट्यातली फेरी' हा शब्द ऐकला की मला मात्र एका खानावळीची आठवण होते.

१९९३ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. तिशी नुकतीच ओलांडलेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी खात्री होती. एक दिवस कॉलेजजवळ खानावळ चालवणाऱ्या एक बाई कर्ज मागायला आल्या. त्यांना सारं गाव वहिनी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. एका वसतिगृहाच्या चाळीस मुलांना दोन्ही वेळा जेवण द्यायचं काम त्यांना मिळत होतं. ताटाला सात रुपये. मोठी भांडी आणि शेगड्या घ्यायला त्यांना कर्ज हवं होतं.

मी त्यांची वही मागितली. ऑगस्टमध्ये तीन हजार ताटं, खर्च चोवीस हजार. म्हणजे ताटाला आठ रुपये. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "वहिनी, आठ रुपयांचं ताट सातला विकणार? ताटामागं रुपया तोटा. दोन हजार ताटं म्हणजे महिन्याला दोन हजारांचा खड्डा."

त्या जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, घरमालक काय ताटं मोजून भाडं मागतो व्हय? पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार बी तेवढाच. ताट वाढलं की पीठ वाढतंय, डाळ वाढती, गॅस थोडा वाढतोय. बाकीचं हाय तिथंच हाय."

मी पुन्हा वहीत डोकं घातलं. मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी असताना, बाराशे ताटं आणि पंधरा हजार खर्च. दोन महिन्यांतला फरक अठराशे ताटांचा आणि नऊ हजार रुपयांचा. म्हणजे एक ताट वाढलं की खर्च वाढतो पाच रुपयांनी, आठ रुपयांनी नव्हे. बाराशे ताटांचे पाच रुपयांप्रमाणे सहा हजार वजा केले, तर उरतात नऊ हजार. ऑगस्टच्या चोवीस हजारांतून तीन हजार ताटांचे पंधरा हजार वजा केले, तरी नऊच हजार. एकही माणूस जेवायला आला नाही तरी हे नऊ हजार भरावे लागणारच. हा स्थिर खर्च, आणि ताटामागचे पाच रुपये हा बदलता खर्च. सात रुपयांचं ताट तोट्यात नव्हतं. ते दोन रुपये घेऊन येत होतं. महिन्याला चार हजार!

पुस्तकात वाचलेलं सारं मला त्या दिवशी एका चौथी शिकलेल्या बाईनं समजावून दिलं. मी खजील झालो आणि त्या भरात कर्ज मंजूर केलं. हप्ता आठशे रुपये, वाढीव उत्पन्न चार हजार, मग चिंता कसली?

चिंता दोन महिन्यांनी आली. तीन हजार ताटांपर्यंत जे स्वयंपाकघर पुरत होतं, ते पाच हजार ताटांना पुरेना. शेजारची खोली घ्यावी लागली, भाडं हजार रुपये. आणखी दोन बायका ठेवाव्या लागल्या, त्यांचे दोन हजार. हप्त्याचे आठशे धरून अडतीसशे झाले. चार हजारांतले दोनशे उरले. पुढं दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली, वसतिगृह वर्षातले तीन महिने ओस पडलं, पण खोलीचं भाडं, पगार आणि हप्ता यांना सुट्टी नव्हती. नऊ महिने दोनशे मिळाले, तीन महिने अडतीसशे गेले. वर्षाअखेर साडेनऊ हजारांवर खोट.

'स्थिर' खर्च हा काही दगडावरचा देव नव्हे, हे मला तेव्हा उमगलं. तो जिन्यासारखा असतो. एका पायरीवर पुष्कळ वेळ उभं राहता येतं, पण त्यापलीकडं पाऊल टाकलं की एकदम वरची पायरी. आधी मी चुकीच्या कारणासाठी 'नाही' म्हणालो आणि नंतर अर्ध्याच कारणासाठी 'हो' म्हणालो. वहिनींनी वर्षभरानं ते काम सोडलं. बँकेचा पैसा मात्र बुडवला नाही. शेवटचा हप्ता भरायला आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या पाटल्या नव्हत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या कागदोपत्री ते खातं 'समाधानकारक' म्हणून बंद झालं.

कशाच्या मागे किती?

आता एसटीकडे येऊ. एका प्रवाशाचा खर्च किती? गाडी सुटायच्या क्षणी एक माणूस धावत आला आणि रिकाम्या आसनावर बसला, तर महामंडळाचा खर्च जवळजवळ काहीच वाढत नाही. चालक तोच, वाहक तोच, डिझेल चमचाभर जास्त. पण एका फेरीचा खर्च विचारला की डिझेल, टायर, भत्ता एवढा खर्च बदलता ठरतो. एका आगाराचा खर्च विचारला की पगार, कार्यशाळा, गाड्यांची झीज हे सारं त्यात येतं. आणि दहा वर्षांचा विचार केला तर काहीच स्थिर राहत नाही. म्हणून 'खर्च किती' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कशाच्या मागे, आणि किती काळासाठी' हे विचारल्याशिवाय उत्तर देणारा माणूस एकतर घाईत असतो किंवा त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

नुसत्या समजुतीसाठी काही आकडे धरू. तालुक्याहून एका खेड्याला जाऊन-येऊन साठ किलोमीटरची फेरी आहे. सारा खर्च वाटून टाकला तर किलोमीटरला साठ रुपये पडतात, म्हणजे फेरीला छत्तीसशे. तिकिटांचे येतात दोन हजार. कागदावर सोळाशेचा तोटा. साहेब लाल रेघ मारतात, फेरी बंद. पण बंद झाल्यावर वाचतं काय? डिझेल, टायर, भत्ता मिळून समजा तेराशे. चालक-वाहकांचा पगार, आगाराचा खर्च, गाडीची झीज हे तेवीसशे तसेच राहतात आणि दुसऱ्या फेऱ्यांच्या माथी बसतात. दोन हजार गेले, तेराशे वाचले. सोळाशेचा तोटा थांबवायला निघालो आणि सातशेचा नवा करून बसलो. शिवाय ते तेवीसशे वाटून घेतल्यानं शेजारची एखादी फेरी आता 'तोट्यात' दिसू लागते. मग तिच्यावर लाल रेघ. ही रेघ कुठं थांबणार?

आपल्याकडची मुक्कामी गाडी घ्या. रात्री गावात येऊन पारापाशी थांबणारी, पहाटे शाळेची पोरं, आजारी माणसं आणि बाजाराला निघालेल्या बायका घेऊन जाणारी. रात्रीच्या शेवटच्या फेरीला तीत चार माणसं असतात, म्हणून ती डोळ्यांत खुपते. पण ती आगारात परत नेली तर रिकामी न्यावी लागेल आणि पहाटे रिकामीच आणावी लागेल. गाडी कुठंतरी उभी राहणारच आहे. ती गावात उभी राहिली तर डिझेल वाचतं, फक्त मुक्कामाचा भत्ता लागतो. हिशेब एका फेरीचा नव्हे, रात्र आणि सकाळ मिळून करायचा असतो.

दुसरी बाजू

पण वहिनींच्या गोष्टीला जसा उत्तरार्ध होता, तसा याही गोष्टीला आहे. वरचं गणित खरं ठरतं ते गाडी नाहीतर नुसती उभीच राहणार असेल तेव्हा. गाड्याच कमी असतील, आणि हीच गाडी शहराच्या रस्त्यावर तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच डिझेलमध्ये चार हजार आणत असेल, तर खेड्याची फेरी महामंडळाला दोन हजारांना पडते. आगारप्रमुखाला दोष देण्यात मग अर्थ नाही. खेड्यातली फेरी पुष्कळदा तोट्यामुळं नव्हे, गाड्यांच्या टंचाईमुळं जाते. त्यावरचा उपाय लाल रेघ नव्हे, नव्या गाड्या हा आहे.

सवलतींचंही तसंच. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. एरवी घरीच राहिली असती अशी बाई रिकाम्या आसनावर येऊन बसली, तर तिचं अर्धं तिकीट ही निव्वळ मिळकत आहे, आणि सवलतीची रक्कम सरकारकडून येते ती वेगळीच. पूर्ण तिकीट काढून येणारी बाई अर्ध्यावर आली, तर सरकारकडून येणारी रक्कम वेळेवर मिळते का, यावर सारं अवलंबून. आणि गाडी खच्चून भरून दारात लोंबकळण्याची वेळ आली, की पुढच्या प्रवाशासाठी नवी गाडी लागते. म्हणजे जिन्याची पायरी आली. सवलत स्वस्त की महाग, हे सवलतीत नसतं. गाडीत रिकामी आसनं किती, यात असतं.

मुंबईच्या 'बेस्ट'नं हा धडा घेतला आहे. जुलै २०१९ मध्ये तिथं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आलं, गाड्यांत गर्दी परतली, पण त्या पाच रुपयांतून पगार आणि नव्या गाड्या निघेनात. मे २०२५ मध्ये तेच भाडं १० रुपये झालं. बदलता खर्च भागला म्हणजे संसार भागला असं नाही. रोजचा भाजीपाला निघाला तरी छप्पर कधीतरी शाकारावंच लागतं.

हल्ली यावर एक तोडगा सांगतात. गाड्या विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या आणि किलोमीटरप्रमाणे पैसे द्या. ऐकायला हे छान वाटतं, स्थिर खर्चाचा बदलता खर्च होतो. पण गाडीवाल्याला कर्जाचे हप्ते असतातच. तो रोजच्या ठरावीक किलोमीटरची हमी मागतो. हमी दिली की तो खर्च पुन्हा स्थिर झाला. फक्त मागच्या दारानं आला, एवढंच.

चाकं थांबली तेव्हा

स्थिर खर्च म्हणजे काय, हे महाराष्ट्रानं दोनदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीनं चाकं थांबली. डिझेलचा खर्च थांबला, पगाराचा थांबला नाही. पुढं गाड्या सुरू झाल्या त्या ४४ आसनांवर २२ प्रवासी घेऊन. फेरीचा खर्च पूर्ण, उत्पन्न जास्तीत जास्त अर्धं. त्या वर्षी पगार रखडले. मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की आपण ताळेबंदात ज्याला 'स्थिर खर्च' म्हणतो, ते कुणाचं तरी घर असतं. वाहकाच्या घरीही भाडं असतं, मुलांची फी असते, आईचं औषध असतं. त्याचा खर्चही गाडी धावो न धावो, स्थिरच.

मग करायचं काय? बँकेत शेवटी मला एकच प्रश्न उपयोगी पडला, आणि तो शिकवणीचा वर्ग, दवाखाना, ब्यूटी पार्लर, झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. 'हे उद्या बंद केलं, तर नेमका कोणता खर्च थांबेल?' आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा जुळा भाऊ: 'हे दुप्पट केलं, तर काय नव्यानं घ्यावं लागेल?' एक गर्दीचा आणि एक मंदीचा महिना शेजारी शेजारी मांडला, मधे भाववाढ झाली असेल तर ती वजा केली, तर उत्तर बरंचसं वहीतच सापडतं. एसटीच्या प्रत्येक आगारानं हे करावं, आणि लोकांपुढं मांडावं. जी फेरी आपला बदलता खर्च भागवते तिला तोट्यातली म्हणू नये. जी भागवत नाही, पण गावाला लागते, तिची रक्कम सरकारनं उघडपणे अंदाजपत्रकात दाखवावी आणि वेळेवर द्यावी. ती खैरात नव्हे. शाळेच्या इमारतीला आपण तोटा म्हणत नाही, मग शाळेपर्यंत पोचवणाऱ्या गाडीला का म्हणावं?

रिकामं आसन दिसलं की हिशेबनीस म्हणतो, तोटा. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "गाडी निघालीच हाय तर पोरीला बसू द्या की साहेब." पण पुढच्या वर्षी पोरी वाढल्या तर दुसरी गाडी कुठून आणायची, हेही त्यांनी आता विचारलं असतं. तो दुसरा प्रश्न त्यांना पाटल्या देऊन शिकावा लागला. मला तो फुकट मिळाला.