ऑर्किडची कुंडी आणि घरातील कुत्रा

वाढदिवसाला किंवा आजारातून उठल्यावर भेट म्हणून ऑर्किडची कुंडी घरी येणे आता नवलाचे राहिलेले नाही. फुले अनेक आठवडे टिकतात आणि रोज पाणी घालावे लागत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना हे झाड सोयीचे वाटते. घरात कुत्रा असेल तर मात्र शंका येतेच : त्याने पान किंवा फूल चघळले तर?

प्रथम दिलासा. रुंद, जाड पानांचे आणि फुलपाखरासारख्या फुलांचे जे ऑर्किड भेटीदाखल मिळते, ते बहुधा फॅलेनॉप्सिस असते. अमेरिकेतील ए.एस.पी.सी.ए. या प्राणिकल्याण संस्थेच्या सूचीत ते कुत्र्यांसाठी बिनविषारी ठरवले आहे. तथापि बिनविषारी म्हणजे खाद्य नव्हे. पाने जास्त खाल्ली गेल्यास उलटी किंवा जुलाब होऊ शकतात.

खरा धोका झाडापेक्षा कुंडीत अधिक असतो. सह्याद्रीतील सीतेची वेणी जशी झाडांच्या फांद्यांवर वाढते, तशीच बहुतेक शोभेची ऑर्किडे मुळात वृक्षांवर वाढणारी आहेत. म्हणून त्यांच्या कुंडीत मातीऐवजी सालीचे तुकडे, कोळसा, नारळाचे सोडण किंवा शेवाळ भरतात. हे तुकडे गिळले गेले तर आतड्यात अडकू शकतात. वारंवार उलट्या, अन्न नाकारणे, पोट फुगणे, शौचास न होणे ही त्याची लक्षणे होत.

दुसरा धोका खते व औषधांचा. कीटकनाशक फवारलेले पान, बशीत साचलेले खतमिश्रित पाणी आणि विशेषतः गोगलगायींसाठी टाकलेल्या विषारी गोळ्या यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. मेटाल्डिहाइड असलेल्या गोळ्यांनी झटके येऊन प्राणही जाऊ शकतो. एरंडीची पेंड कुत्री आवडीने खातात. तीही घातक आहे.

ऑर्किडच्या शेजारची झाडेही तपासावीत. मनी प्लांट व डायफेनबॅकिया यांनी तोंडाची आग होते व लाळ गळते. कण्हेर हृदयावर आणि सायकस यकृतावर गंभीर परिणाम करते. कुत्रा असलेल्या घरी ही दोन झाडे ठेवूच नयेत.

कुत्र्याने काही खाल्ल्याचे दिसल्यास तोंडातील उरलेले तुकडे जपून काढावेत आणि पशुवैद्यकांना तत्काळ दूरध्वनी करावा. काय, किती व केव्हा खाल्ले हे सांगावे. औषधाचे वेष्टन जवळ ठेवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, त्यानेच अपाय होतो. कंप, झटके, अतिलाळ किंवा धाप दिसल्यास वाट न पाहता दवाखाना गाठावा. कुत्रा वृद्ध असेल किंवा त्याला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर साध्या उलट्या-जुलाबांनीही तो लवकर खंगतो.

कुंडी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही, पण आपल्याला स्टुलावर न चढता पाणी घालता येईल, अशा उंचीवर ठेवावी. पाणी घातल्यावर बशी रिकामी करावी व सांडलेले लगेच पुसावे. ओल्या फरशीवरून घसरण्याचा धोका कुत्र्यापेक्षा आपल्याला अधिक. पशुवैद्यकांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लावावा आणि मदतनीसालाही तो दाखवून ठेवावा.